चौथी ढेप

सकाळची पूजा आटोपली की चंद्रभागाकाकू तबकातलं एक फूल मागे ठेवीत. कधी जास्वंद, कधी कण्हेर, काहीच नसलं तर तुळशीची मंजिरी. ते फूल देवाचं नसे. दारावरून बांगड्या विकणारी गुलजारबी गेली तर तिच्या ओंजळीत पडे, नाही गेली तर संध्याकाळी नाशकातल्या गंगेच्या पाण्यात जाई. शेजारणींनी विचारलं, "ही कसली हो तुमची नवी पूजा?" तर काकू हळूच म्हणत, "देव येतो तो काही सांगून येत नाही. आमच्याकडे बांगड्यांचं गाठोडं घेऊन आला होता."

पुढचं त्या सांगत नसत. पुढचं ते असं झालं.

काकूंचे यजमान धोंडीराम यांचं भांडी बाजारात तांब्यापितळेचं दुकान, वर राहतं घर, मागे गोठ्यात एक गाय. पोटी मूल नाही. ते व्हावं म्हणून काकू चातुर्मासात धारणं-पारणं करीत, म्हणजे एक दिवस कडक उपास आणि एक दिवस जेवण. आषाढापासून कार्तिकापर्यंत चार महिने, आणि अशी एकोणीस वर्षं. दर महिन्याला कावळा शिवला, बाहेर बसायची वेळ आली, की काकू भिंतीकडे तोंड करून रडत, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा हसतमुखाने चुलीपाशी येत. दिराचा पोरका मुलगा रावजी त्यांनीच वाढवला. त्याचं लग्न झालं तेव्हा काकूंना वाटलं, आपल्या नाही तरी रावजीच्या लेकराला तरी मांडीवर घेऊ.

सून आली घोटीची. मैना तिचं नाव, वय सोळा. भाताच्या खाचरांत वाढलेली, भरल्या अंगाची, हसली की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. नऊ वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. तेव्हा तिच्या आईने, बयाबाईंनी, नवस बोलला होता, "पोर वाचू दे, लग्न होऊन नाशकाला नांदायला गेली की गंगेवर तिची गुळाने तुळा करीन." लग्नाच्या तिसऱ्या दिवशी बयाबाई बैलगाडीत गुळाच्या तीन ढेपी घालून आल्या. त्या माउलीच्या डोळ्यांपुढे अजून तापातून उठलेली काडीसारखी लेक होती. त्या मापानेच तिने गूळ आणला होता.

घाटावर धोंडीरामांच्या दुकानातला, जुनं पितळ जोखायचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मैना बसली, दुसऱ्यात एकेक ढेप चढू लागली. तिसरी चढली तरी मैनाचं पारडं जमिनीवरून हलेना. बायका हसायला लागल्या. शेजारची चिमणाबाई म्हणाली, "ओसरीवरचा झोपाळा आधी काढून ठेवा गं बाई!"

आणि काकू, ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाची थट्टा केली नाही, त्या त्या दिवशी आनंदाच्या भरात बोलून गेल्या, "गूळ संपला, पण सूनबाई काही संपेना!"

न बोलणारं माणूस बोललं की लोक दुप्पट हसतात. ते वाक्य घाटावरून गल्लीत पोचलं, गल्लीतून बाजारात. चौथी ढेप आणायला माणूस गेला तो अर्ध्या तासाने आला. तोवर मैना पदर ओढून पारड्यात तशीच बसून राहिली. मधेच उतरायची रीत नव्हती.

आषाढ लागला तेव्हा मैना आपणहून काकूंपाशी आली. "काकू, मलाही काही नेम सांगा."

काकूंचा ऊर भरून आला. आपल्या हातचा दिवा दुसऱ्या हातात जातोय, याहून बाईला काय हवं? त्यांनी सोमवार सांगितला. मैनाने सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. एकादशी, प्रदोष, संकष्टी होतेच. श्रावणात म्हणाली, "मी पण तुमच्यासारखं धारणं-पारणं करते." पारण्याच्या दिवशी ती ताटातला पहिला घास गाईला द्यायची. पुढे दोन घास, पुढे अर्धी पोळी, पुढे ताटच उचलून गोठ्यात जायची आणि रिकामं घेऊन यायची. काकूंना वाटायचं, काय हिची भूतदया!

गाईला रानात नेणारा गोटीराम एकदा म्हणालाही, "काकू, तुमची गाय लय माजली बगा. पोळ्या खाऊन खाऊन चाऱ्याला तोंड लावत नाय."

काकू हसल्या. गोटीरामही हसला. ते हसणं काकूंना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

आणि कौतुक तरी किती! हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "सून नव्हे काकू, तपस्विनी आणलीत." चिमणाबाई म्हणाली, "आता कशी चवळीची शेंग दिसते. नथ आता शोभते हो हिला." ते ऐकून मैनाच्या तोंडावर असं तेज यायचं की काकू मनात म्हणत, भक्तीचं आहे हे. एकेका नेमाचा एकेक दोरा मैना मनगटाला बांधायची. भाद्रपद संपेतो हातात दोऱ्यांचा एक जाड वेढा झाला.

अश्विनात काकूंच्या एक गोष्ट ध्यानात आली. श्रावणापासून मैना बाहेर बसली नव्हती. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि देवघरात जाऊन डोकं टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही. एकोणीस वर्षांचं मागणं असं दुसऱ्या दाराने घरात आलं होतं तर! मैनाला विचारलं तर ती खाली बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सून गप्प राहिली की सासरी त्याला लाज म्हणतात.

तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. गाजावाजा न करता हिरवी चोळी द्यायची, हिरव्या बांगड्या भरायच्या. काकूंनी गुलजारबीला निरोप धाडला.

गुलजारबी दुपारी आली. ओसरीवर गाठोडं सोडलं, हिरव्या बांगड्यांच्या माळा पसरल्या. "ये बेटी, हात दे. हिचा लग्नाचा चुडा मीच भरलाय काकू. अडीचचं माप. काय हात होता! माझा घाम काढला होता पोरीने."

मैनाने हात पुढे केला. गुलजारबीने चुडा वर सरकवला, तर खाली दोऱ्यांचा वेढा. "हे काय?"

"नेमांचे दोरे," काकू कौतुकाने म्हणाल्या.

गुलजारबीने दोरे बोटाने चाचपले. मग चुड्यातली एक बांगडी धरून खाली ओढली. ती दोऱ्यांवर जराशी अडली आणि मग सरळ हाताबाहेर आली. अंगठा दुमडावा लागला नाही, तळवा दाबावा लागला नाही. ते दोरे होते म्हणून चुडा हातात राहिला होता.

गुलजारबीने तो हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "बेटी, आत जाऊन जरा सुपारी आण बरं."

मैना आत गेल्यावर तिने आवाज खाली केला. "काकू, रागावू नका. पोटुशी बाईचा हात भरत जातो. तीस वर्षं बायकांचे हात धरतेय मी. हा हात उतरलाय. सव्वादोनसुद्धा हिच्या हातात नाचेल. हे मूल नाही. ही भूक आहे."

"अगं, काहीतरीच! उपास आम्ही सगळेच करतो."

"करता, पण सोडता ना?" गुलजारबी म्हणाली. "आमची शकीला, माझी धाकटी बहीण. तिला बघायला लोक आले, म्हणाले, मुलगी चांगली आहे पण अंगाने भारी आहे. पुढे रमजान आला, हिने रोजे धरले. आम्ही सगळे खूश, किती दीनदार, किती धार्मिक पोर! चाँद दिसला, ईद झाली, घरोघर शिरखुर्मा झाला. पण काकू, तिचा रोजा काही सुटला नाही. आज पोट दुखतं, आज मन नाही, आज हा रोजा, उद्या तो. आम्ही शाबासकीच देत होतो. मग एक दिवस ती चक्कर येऊन पडली, तेव्हा घाबरलो. आणि घाबरून चूक केली. एकदम पुलाव, मटण, जे सापडेल ते तिला कोंबलं. भुकेल्या पोटाला ते झेपलं नाही."

"मग?" काकूंनी विचारलं.

गुलजारबी हिरव्या बांगड्या माळेत परत ओवू लागली. "तिच्या बांगड्या आहेत माझ्यापाशी. दोनच्या. लहान पोरींच्या मापाच्या." माळेची गाठ मारून ती म्हणाली, "तुमची अजून चालतेय, बोलतेय. ओरडू नका तिच्यावर. ताट भरून पुढे ढकलू नका. पातळ पेज, मऊ भात, थोडं थोडं. आणि पहिल्यांदा तिला विचारा, कुणी काय म्हणालं होतं. कुणीतरी काहीतरी म्हणालेलं असतंच."

ती गेली. काकू ओसरीवर बसून राहिल्या. जे नव्हतंच ते मूल गेलं म्हणून थोडं रडल्या. माणूस आहे, रडणारच. मग आत तांदूळ निवडण्याचा आवाज आला आणि त्यांनी डोळे पुसले. एक लेकरू तर आत बसलेलं होतं.

त्या मैनाशेजारी जाऊन बसल्या, सुपातले खडे वेचू लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "मैना, तुला कुणी काही बोललं होतं का गं?"

मैनाची बोटं थांबली. "कुणी नाही."

"सांग. मी रागावणार नाही."

"तुम्हीच बोललात, काकू."

आणि मग ते सगळं आलं. घाट, तराजू, तो अर्धा तास. "सगळी गंगा माझ्याकडे बघत होती," मैना म्हणाली. "तुम्ही इतक्या गोड आवाजात बोललात, म्हणून मला ते खरंच वाटलं. चिमणाबाईंचं मला काही वाटलं नसतं. पोट रिकामं असलं ना काकू, की मला पारड्यातून खाली उतरल्यासारखं वाटतं. एक घास गेला की मी परत तिथंच. आणि उपासाला कुणी नावं ठेवत नाही. उलट तुम्ही सगळ्या पाठीवरून हात फिरवता."

काकूंच्या पदरातले खडे घरंगळले. एवढी वर्षं पूजा केली ती याच तोंडाने, आणि ते वाक्य बोलले तेही याच तोंडाने!

पण सवयीचं माणूस संकटात सवयीकडेच धावतं. काकूंनी दुसऱ्या दिवशी आणखी एक नेम धरला. "तू जेवल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेणार नाही." त्यांना वाटलं, प्रेमाचा याहून मोठा पुरावा कुठला? मैनाने खाल्लं. घाईघाईने, डोळ्यांत पाणी आणून, पोळी आणि वाटीभर वरण. काकू समाधानाने पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने त्या मागे गेल्या तर नहाणीच्या भिंतीला धरून मैना सगळं ओकून टाकत होती.

काकूंनी तिची पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं. मैना धापा टाकत म्हणाली, "काकू, असं नका ना करू. तुम्ही समोरच्या पारड्यात येऊन बसलात. आता मला तुमचंही वजन उचलावं लागतं."

दुसऱ्या सकाळी काकू देवघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ होत्या. तो धारण्याचा, म्हणजे कडक उपासाचा दिवस होता. विसाव्या चातुर्मासाचा नेम पुरा व्हायला सतरा दिवस उरले होते. काकूंनी पळीभर पाणी तळहातावर घेतलं. देवाला मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या, "एकोणीस वर्षं लेकरू मागत होते, देवा. तू दारात आणून उभं केलंस, आणि मी त्याला उपाशी राहायला शिकवलं. मला क्षमा कर. आणि वेळेवर सांगावा धाडलास, त्याचे उपकार मी कुठे ठेवू?" मग त्यांनी हातावरचं पाणी ताम्हणात सोडलं. नेम सोडला.

चुलीवर त्यांनी घोटीचा तांदूळ शिजत घातला, अगदी मऊ. एकाच ताटात वाढला. वर तुपाचा थेंब, कडेला चिमूटभर मेतकूट.

मैना दारात थबकली. "काकू, आज धारणं ना?"

"आज पारणं," काकू म्हणाल्या. "ये. मला एकटीला जेवायचं धाडस होत नाही गं. एकोणीस वर्षांत या दिवशी कधी जेवले नाही. तू शेजारी बैस. खायलाच पाहिजे असं नाही. नुसती बैस."

त्यांनी पहिला घास घेतला. तो गिळण्याआधी एकदा देवघराकडे चोरून पाहिलं. मैना बघत राहिली. काकू भ्यालेल्या आहेत हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने चार शितं बोटांवर घेतली, तोंडात टाकली. मग एक घास. मग आणखी एक. तिसऱ्याला थांबली. काकू "अजून घे" म्हणाल्या नाहीत. दोघी ताटापाशीच बसून राहिल्या, आणि ताटातला उरलेला भात शांतपणे गार झाला.

त्या दिवशी गोठ्यातल्या गाईला पोळी मिळाली नाही. ती दुपारभर हंबरत होती.

धोंडीराम जेवायला वर आले तर बायकोच्या पुढ्यात उष्टं ताट! "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"कुठेही उगवू दे. तुम्हाला वाढू?"

ही बातमी चिमणाबाईला कळायला किती वेळ लागणार? ती धावत आली. "काकू! नेम मोडलात? सतरा दिवसांवर आला होता हो!"

"मोडला," काकू मृदुपणे म्हणाल्या. "भात फार छान लागला."

हे सगळं एका दिवसात सरळ झालं नाही. कधी मैना चार घास घेई, कधी दोनच, कधी ताटाकडे बघून उठून जाई. मार्गशीर्षात कुणी पाहुणी आली, म्हणाली, "वा, तब्येत सुधारली हो सूनबाईंची!" झालं. तीन दिवस पोरीने पेजेशिवाय काही घेतलं नाही. तेव्हापासून काकूंनी घराला एक नवा नेम लावला. या उंबऱ्याच्या आत कुणी कुणाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. जाड नाही, बारीक नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही. चिमणाबाईला तो नेम पाळताना फार जड जाई. दोनदा तर ती "काय गं, तुझी कंबर..." म्हणून तोंडावर हात ठेवून परत फिरली होती.

नेमांचे दोरे मैनाने स्वतः सोडले, दर आठवड्याला एक. सुटलेला दोरा ती तुळशीच्या बुंध्याशी ठेवी. शेवटचे दोनतीन उरले तेव्हा चुडा त्यांच्यावाचूनच मनगटावर राहू लागला होता.

आणि रावजी? तो बिचारा वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणार कसा? पण पौषात एकदा झोपाळ्यावर बसून, मैना आत आहे हे पाहून, काकूंना मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मला तर त्या दिवशी वाटत होतं, पाचवी ढेपही लागावी. लग्नात मुंडावळ्या आणि गर्दी. पारड्यात बसली तेव्हाच मी हिला पहिल्यांदा नीट पाहिलं. आणखी थोडा वेळ बघता आलं असतं." आत भांडं पडल्याचा आवाज आला. काकूंनी जपमाळेचा हात तोंडाशी नेला, हसू दिसू नये म्हणून.

मग चैत्र आला. एका सकाळी मैना मागच्या दारापाशी दूर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, मला कावळा शिवला."

काकू देवघराकडे वळल्या. ज्या कावळ्यापायी त्या एकोणीस वर्षं भिंतीकडे तोंड करून रडल्या होत्या, त्याच्यासाठी आज त्यांचे हात जोडले गेले. पोरीच्या देहाने पुन्हा घर धरलं होतं. मूल होईल न होईल, ते देव जाणे. ही तर राहिली.

त्यांनी धोंडीरामांना गुळाची ढेप आणायला सांगितली. धोंडीराम म्हणाले, "तुळा करायची का पुन्हा? तराजू काढू?"

"तराजू नको," काकू म्हणाल्या. "तो पितळ जोखायलाच राहू दे."

ओसरीवर ढेप ठेवून त्यांनी ती वरवंट्याने फोडली. लहानमोठे, वेडेवाकडे खडे झाले. कुणाला किती, हे त्यांनी पाहिलं नाही. हाताला येईल तो खडा समोरच्या हातावर. पहिला गुलजारबीच्या हातावर. तिने तो कपाळाला लावला, अर्धा खाल्ला आणि अर्धा पदराला बांधला. "शकीलाच्या नावाने," एवढंच ती म्हणाली. मग चिमणाबाईला, मग गोटीरामाला. त्याने विचारलं, "कशापायी गूळ, काकू?" तर म्हणाल्या, "गाय पुन्हा चारा खायला लागली ना, म्हणून."

मैना मागच्या पडवीत एकटी बसली होती. तिथूनच तिचा आवाज आला.

"काकू, मला?"

काकूंचा हात थांबला. गेल्या वैशाखात लग्न होऊन आल्यापासून या घरात मैनाने खायला म्हणून काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा ती स्वतः घेई.

"देते हो, देते. कोणता देऊ?"

मैनाने पडवीतून वाकून ओसरीवरच्या खड्यांकडे पाहिलं. मग, "तो मोठा."

काकूंची अंघोळ, पूजा झालेली होती. विटाळशीला वरून टाकायचं, शिवायचं नाही, हे त्यांच्या हाडामांसात भिनलेलं. त्या पडवीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, तिथे क्षणभर थबकल्या, आणि उंबरा ओलांडून त्यांनी तो खडा आपल्या हाताने मैनाच्या तोंडात दिला. गाल फुगला. दुसऱ्या गालावर खळी पडली.

मग काकूंना पुन्हा डोक्यावरून अंघोळ करावी लागली. विहिरीचं पाणी गार होतं. त्या एकेक तांब्या अंगावर घेत होत्या आणि दर तांब्याला देवाचे उपकार मानत होत्या.